गुरुवारचा जिना

सोमवार, ४ मार्च

लिफ्टला शिव्या देणारी माणसं मी पुष्कळ ऐकली. तिची समजूत घालणारी बाई आज पहिल्यांदाच ऐकली! मी केबिनच्या टपावर बसून दोराला वंगण देत होतो. खाली एक आजीबाई शिरल्या. लिफ्ट जरा कण्हली, तर म्हणतात, "दमलीस ना गं? एवढा एकच मजला, मग बस निवांत." उतरताना वर "येते हं." मी टपावरून "या" म्हणणार होतो. आवरलं. बाईंनी इमारत सोडली असती.

ही वही मुलीने आणून दिली. म्हणाली, "बाबा, जेवताना रोज जे किस्से सांगता ते लिहून काढत चला. निदान आम्हाला गरम तरी जेवता येईल." सौ. वाढता वाढता हसली. म्हणजे कट दोघींचा.

तर लिहू. रोज एक नवी गोष्ट, नसली तर नाही. माझ्याकडे चाळीसएक लिफ्टांची देखभाल आहे. सुरुवात दुसऱ्याच्या हाताखाली दोर पुसण्यापासून केली. शिक्षण बेताचं, कान मात्र पहिल्या नंबरात पास. मोटर घरघरली तर बेअरिंग, दार चिरकलं तर रोलर, आणि काहीच आवाज येत नसेल तर सगळ्यात आधी काळजी करायची.

मंगळवार, ५ मार्च

लिफ्टमध्ये आरसा बसवला की "लिफ्ट फार हळू चालते" ही तक्रार बंद होते. वेग तोच! माणूस स्वतःकडे बघत असला की त्याला घाई नसते.

गुरुवार, ७ मार्च

आज गुरुवार. म्हणजे जुनी इमारत.

रेडिओने आज परत तोच प्रश्न काढला. (रेडिओ म्हणजे माझा जोडीदार. पंचावन्न वर्षांचा आहे, झोपेत तेवढा बंद असतो.) "मालक, बाकीच्यांकडे महिन्यातून एकदा, आणि इथेच दर गुरुवारी? लाडकी आहे का ही?"

"म्हातारी मशीन आहे. लक्ष ठेवावं लागतं."

"बँकेच्या मागची हिच्याहून म्हातारी आहे."

"पाना दे."

या लिफ्टला भिंतींचा डक्ट नाही. चारी बाजूंनी जाळी, आणि जाळीभोवती जिना वळत वळत पाचव्या मजल्यापर्यंत जातो. टपावर बसलं की जिन्यावरचा माणूस हाताच्या अंतरावरून जातो. केबिन मी अर्ध्यावर उभी करतो, काउंटरवेट, म्हणजे तोलाचं वजन, तिथेच समोरासमोर येतं म्हणून. मग माझं डोकं बरोबर तिसऱ्या मजल्याच्या जिन्याशी.

अकरा वाजता चपलांचा आवाज. एक जड, एक हलकी. दादा!

माझा थोरला भाऊ पाचव्या मजल्यावर राहतो. अकरा वर्षं तो या लिफ्टमध्ये चढलेला नाही, कारण लिफ्ट मी सांभाळतो. आम्ही बोलत नाही. आठवड्याची खरेदी नेमकी गुरुवारीच करतो आणि पिशवी घेऊन माझ्यासमोरून पाच मजले चढतो — मला दाखवायला! तिसऱ्यावर थांबतो. कठडा धरतो. तो भिंतीकडे बघतो, मी दोराकडे.

आज नेहमीपेक्षा जास्त थांबला. श्वास ऐकला. भाता फाटल्यासारखा. सत्तरी आली त्याची. त्या आवाजाची मोटर असती तर मी तिथल्या तिथे बंद करून कुलूप लावलं असतं.

शुक्रवार, ८ मार्च

मी काल घरी आल्यावर काही बोललो नव्हतो, तरी सौ. म्हणते, "काल दादा दिसले ना?"

"कशावरून?"

"किल्ल्या ठेवल्यात त्यावरून. इतर दिवशी टाकता. गुरुवारी ठेवता."

आणि कान तीक्ष्ण म्हणून गावभर मी मिरवतो!

तिला विचारलं, वहिनी काही बोलतात का त्याच्या तब्येतीबद्दल? दोघी जावा रोज फोनवर असतात. तर म्हणाली, "आमचा नियम आहे. नवऱ्यांचा विषय काढायचा नाही. म्हणून तर अकरा वर्षं बोलणं टिकलंय."

रविवार, १० मार्च

सुट्टी. मुलगी विचारते, काकांशी नेमकं झालं काय? तेव्हा ती परीक्षेसाठी मावशीकडे होती. सांगायला बसलो आणि चहाचं निमित्त काढून उठलो. इथे लिहितो.

आई दादाकडे असायची. त्या दिवशी दोराच्या तारा तुटून बाहेर आलेल्या मला दिसल्या. लिफ्ट बंद केली, कुलूप घातलं, नवा दोर दुसऱ्या दिवशी येणार होता. तासाभरात वरून दादाचा आवाज. "धाकट्या, चालू कर! आईला दवाखान्यात न्यायचंय. एकदाच!"

मी टपावर, तिसऱ्याशी. सगळ्या मजल्यांवर माणसं जमलेली. मालक होऊन मला चार वर्षंच झालेली, त्यामुळे ताठा नवा कोरा. मी वर तोंड करून ओरडलो, "नियम म्हणजे नियम. कुणाचीही आई असो!"

लिफ्टच्या पोकळीत बोललेलं कर्ण्यासारखं घुमतं. पाचव्यापर्यंत गेलं असणार. तिनेही ऐकलं असणार.

खुर्चीत बसवून चौघांनी तिला उतरवली. मी जाळीचं दार उघडून खुर्चीला हात लावायला गेलो. दादा म्हणाला, "हात लावू नकोस." आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केवढं काळं लागलंय रे हाताला तुझ्या." मला उद्देशून तिचं शेवटचं बोलणं ते. तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता.

दोर बदलताना हातात धरून पाहिला होता. तो आईला घेऊन तुटला असता. नियम बरोबर होता. त्याबद्दल मी एका शब्दाने मागे येणार नाही.

पण "कुणाचीही" म्हणायचं काय कारण होतं?

बुधवार, १३ मार्च

नव्या ऑफिसच्या इमारतीत, बारावा मजला. टपावर मी, खाली एकटाच एक तरुण. "सर, मला जरा बोलायचं होतं... सर, मी निर्णय घेतलाय... सर, मी काम सोडतोय." बारा मजले तालीम! आवाज दर मजल्याला वाढत गेला. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटांनी खाली आला. स्वतःशीच, अगदी बारीक आवाजात: "ठीक आहे सर, उद्या करून देतो."

गुरुवार, १४ मार्च

आज अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलणं झालं! म्हणजे तसं झालं नाही.

दादा तिसऱ्यावर थांबला. धाप. मी श्वास मोजले — अठ्ठावीस. पिशवी पाहिली तर जवळजवळ रिकामी. वजन उचलवेना झालं तर! मग राहवलं नाही. रेडिओला मोठ्याने म्हटलं, "काय रे, लिफ्ट कशासाठी असते?"

रेडिओ गोंधळला. "वर जायला, मालक."

"हो ना? मग लोकांनी बसावं तिच्यात. वय बघावं."

मग दादा, भिंतीला: "काही लोकांचे पाय शाबूत आहेत म्हणावं."

"पाय शाबूत असतील, छातीचं काय, विचार त्यांना."

रेडिओ जाळीतून: "काका, छातीचं काय, विचारतायत."

"सांग त्यांना, दुसऱ्याच्या छातीची चौकशी करायला उशीर झाला जरा."

आणि चालू लागला. रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प. दोन मिनिटांनी म्हणाला, "मालक, हे भांडण होतं की गप्पा?"



शुक्रवार, १५ मार्च

आमच्या डॉक्टरांच्या इमारतीत काम होतं. लिफ्टमध्येच गाठलं त्यांना. म्हटलं, सत्तर वर्षांचा माणूस, पाच मजले चढतो, तिसऱ्यावरच धापा टाकतो.

"पाच मजले चढतात? लिफ्ट नाही का तिथे?"

"आहे."

"बंद असते?"

"माझी लिफ्ट बंद नसते, डॉक्टर."

"मग अडचण काय?"

"मीच."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "जिना थांबवा त्यांचा. कसा ते तुम्ही बघा. या वयात हट्टापायी छाती पणाला लावू नये."

मंगळवार, १९ मार्च

शोध! आणि तो माझ्याबद्दल. रेडिओ जेवता जेवता म्हणाला, "मालक, तुमचं ते गुणगुणणं जरा खालच्या पट्टीत घ्या, मला बोलता येत नाही."

"कसलं गुणगुणणं?"

"कसलं म्हणजे? पाना हातात आला की सुरू. एकच चाल. शब्द नाहीत. वीस वर्षं ऐकतोय."

मला पत्ताच नाही! घरी सौ.ला सांगितलं. तिला नवल नाही. म्हणाली, "तुमच्या आई पीठ चाळताना तेच गुणगुणायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

जगाचं घरघरणं ऐकू येतं मला. स्वतःचं नाही.

गुरुवार, २१ मार्च

आज डाव टाकला. केबिनमध्ये आमच्या नावाची पितळी पाटी आहे. सकाळीच चार स्क्रू काढले, पाटी खिशात. नाव नाही तर हट्ट कुणावर धरणार?

पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी लगेच विचारलं, "भाऊ, पाटी कुठे गेली? लिफ्ट कुणाच्या भरवशावर आता?" म्हटलं, पॉलिशला दिलीय.

अकरा वाजता दादा. दुसऱ्यावर जाळीतून केबिनमध्ये डोकावला. मी वरून श्वास धरून. चार छिद्रं पाहिली. आणि जिन्याला लागला! तिसऱ्यावर थांबून, धापा टाकत, रेडिओला:

"पाटी काढली म्हणून पेटी बदलते का रे?"

मी रेडिओला: "माणसाने इतकं बारीक बघू नये म्हणावं."

दादा: "आयुष्यभर नकाशे काढले म्हणावं. बारीकच दिसतं."

आज ते अठ्ठावीसचे चौतीस झाले. श्वास. बोलायला लावतो म्हणून आणखी धाप लागते की काय त्याला? पाटी परत लावली. स्क्रू आवळताना चष्मा लावावा लागला. माझंही वय झालंच आहे.

शुक्रवार, २२ मार्च

ठरवलं. इमारत सोडायची.

पाटी काढून भागणार नाही, माणूसच काढायला हवा. मी गेलो की दादाला लिफ्टमध्ये बसायला काही आडवं येणार नाही. त्याचा मान राहील, छातीही राहील.

सौ.ला सांगितलं. ती कणीक मळायची थांबली. "पहिली इमारत ना ती तुमची?"

"हो."

"दादांनीच मिळवून दिलेली."

"हो."

"मग त्यांच्यासाठीच सोडताय, असं एकदा तोंडाने सांगून बघा ना त्यांना. पाच मजले काय, पाच पावलं जायचंय तुम्हाला जाळीतून."

तिला म्हटलं, त्याने "हात लावू नकोस" म्हटलंय.

"अकरा वर्षांपूर्वी! खुर्चीला!"

बायकांना तपशील बरोबर लक्षात राहतात. पुरुषांना फक्त अपमान.

रविवार, २४ मार्च

गॉगलकडे गेलो. मी आणि तो एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. वेल्डिंगची ठिणगी डोळ्याजवळ उडाली तेव्हापासून घरातही काळा चष्मा लावतो. एरवी आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो. आज मी आपणहून द्यायला गेलो, तर संशयाने बघतोय. म्हणजे बघत असावा, चष्म्याआड काय कळणार!

"लिफ्टमध्ये भूत आहे का?"

"नाही."

"सेक्रेटरी खवट आहे?"

"देवमाणूस."

"मग तू आजारी आहेस."

शेवटी खरं सांगितलं. मग म्हणाला, "सांभाळीन. पण माझा माणूस महिन्यातून एकदाच जाईल हं, करारात असेल तसा."

म्हटलं, सुरुवातीचे दोन-तीन गुरुवार तरी पाठव. तिला सवय आहे.

"कुणाला?"

"मशीनला."

मंगळवार, २६ मार्च

सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. चार ओळींचं पत्र, पाच वेळा लिहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, 'काही अपरिहार्य कारणास्तव' लिहा, सगळे तेच लिहितात." तेच लिहिलं. काय झकास शब्द आहे! आत अख्खा भाऊ मावला.

गुरुवार, २८ मार्च

शेवटचा गुरुवार.

आधी गच्चीवरच्या मशीन-खोलीत गेलो. मोटरच्या अंगावर पांढऱ्या रंगात "१" लिहिलेला आहे. दादाने काढलेला. मी पहिल्यांदा ही लिफ्ट ताब्यात घेतली त्या दिवशी तो ब्रश आणि रंगाची डबी घेऊन वर आला होता. "पहिलं मशीन ना तुझं? नंबर घालू. पुढचे तू घाल." छापल्यासारखा आकडा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी उभा राहिला होता: "माझा भाऊ आहे. काही झालं तर मला विचारा." आणि काही झालं तेव्हा सगळ्यांनी त्यालाच विचारलं असेल.

पुढचे आकडे मी घातलेच नाहीत. माझं अक्षर गचाळ.

सगळं साफ केलं. गिअरचं तेल बदललं, दारांचे रोलर नवे घातले. रेडिओ म्हणाला, "गॉगलवाल्याला वर्षभर काम राहणार नाही." मग केबिन अर्ध्यावर आणून टपावर बसलो.

अकरा. एक जड, एक हलकी. तिसऱ्यावर थांबला. धाप सुरू.

मनात वाक्य तयार होतं. त्या तरुणासारखी बारा मजले तालीम केली होती! "दादा, मी तसं बोलायला नको होतं." सहा शब्द आहेत, मोजले मी. तोंड उघडलं आणि रेडिओला म्हणालो,

"पुढच्या गुरुवारपासून इथे दुसरे लोक येणार हं. आपलं काम संपलं."

जिन्यावर श्वास एकदम थांबला. एकदम! कुणी स्विच बंद करावा तसा. मी घाबरून वळून पाहिलं. दादा भिंतीकडे बघतच उभा. मग वळला आणि झरझर वर गेला. चौथा, पाचवा, कुठे थांबला नाही. रागाने माणसात केवढं बळ येतं!

त्याला आनंद होईल वाटलं होतं. वर कडी मात्र जोरात लागली.

सोमवार, १ एप्रिल

रेडिओची तब्येत बरी नाही. म्हणजे सर्दी आहे, पण आवाज बसलाय. चाळीस लिफ्ट एकदम मुक्या झाल्यासारख्या वाटल्या.

गुरुवार, ४ एप्रिल

काही नाही. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. सौ. म्हणाली, "आता कोण कधी आलं-गेलं कळायचं कसं?"

शनिवार, ६ एप्रिल

सौ.च्या लक्षात आलेली गोष्ट: मी गुणगुणणं बंद केलंय. म्हणाली, "कळलं म्हणून बंद पडलं की काय? उगाच सांगितलं." मुद्दाम गुणगुणून पाहिलं. चाल सापडत नाही. लक्ष नसतं तेव्हाच येते बहुतेक.

गुरुवार, ११ एप्रिल

दुपारी नट-बोल्टच्या दुकानात जुन्या इमारतीचा वॉचमन भेटला. जिवाचा धडा करून विचारलं, "काय रे, पाचव्यावरचे दादा आता लिफ्टने जातात का?"

"हो, लिफ्टनेच जातात."

जिंकलो! दुकानातच त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, "पण साहेब, ते..." पण मी कुठला ऐकतोय! घरी येताना आइस्क्रीम घेतलं. सौ.ने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, एका माणसाचा जिना सुटला.

ती म्हणाली, "आणि तुमचा चेहरा असा का?"

आइस्क्रीम फार गार होतं, म्हटलं.

मंगळवार, १६ एप्रिल

गॉगलचा फोन. "तुझा भाऊ माझ्या माणसाला वेड लावणार. दर गुरुवारी तक्रार-वहीत काहीतरी लिहितो. मशीन लोण्यासारखं चालतंय, माझा माणूस वर-खाली करून दमला. त्याला तक्रारच कळत नाही. एकदा बघून जा बाबा, तुमच्या घरातली भाषा असेल."

म्हणजे लिफ्टमध्ये बसायचं आणि वर खोडही काढायची! अगदी दादा. परवा गुरुवार आहे, जाऊन वही बघतो. मशीनबद्दल एक अक्षर वाकडं लिहिलं असेल तर मात्र ऐकून घेणार नाही. भाऊ असला म्हणून काय झालं.

गुरुवार, १८ एप्रिल

वही पाहिली. अक्षर दादाचंच, छापल्यासारखं.

४ एप्रिल. तक्रार: आवाज येत नाही. ठिकाण: तिसरा मजला. शेरा (गॉगलच्या माणसाचा): मशीन ठीक आहे.

११ एप्रिल. तक्रार: आवाज अजूनही येत नाही. ठिकाण: तेच. शेरा: काय ते कळले नाही.

वॉचमनला म्हटलं, ते आता लिफ्टनेच जातात म्हणालास ना? तर हसायला लागला. "साहेब, ते दहा वर्षं लिफ्टनेच जातायत! फक्त तुमच्या दिवशी जिना. तुमची गाडी फाटकाशी दिसली की पिशवी घेऊन खाली हजर. तेच त्या दिवशी सांगत होतो."

"आणि ती धाप?"

"कसली धाप? पहाटे तासभर चालून येतात आणि मलाच हाका मारून उठवतात."

वही ओढली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, माझ्या गचाळ अक्षरात: दोष सापडला. नियम बरोबर होता, बोललो ते चूक होतं. खाली सही केली. वॉचमनला म्हटलं, पाचव्यावर नेऊन दे, लिफ्टने जा.

आणि मी जिन्याने निघालो. तिसऱ्यापर्यंत खरीखुरी धाप लागली. कठडा धरून उभा राहिलो.

वर कडी निघाली. एक जड, एक हलकी. चपला उतरत होत्या.